भरवशाची गाडी

तांडा, ता. कळमनुरी
९ जानेवारी २०२५

ग्यानबास प्रेमसिंगचा राम राम.

तुला फोन लावला की तू नुसता "कोण, कोण" करत बसतोस आणि मग आशावहिनी फोन हिसकून सांगतात की कानात मशीन घातलेलं नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. कारखान्याच्या गॅरेजात जनरेटरशेजारी जन्म काढलास, कान गेले त्याला कोण काय करणार. मी आयुष्यभर लोकांचं टपाल वाटलं आणि स्वतः पत्र लिहायची वेळ रिटायर झाल्यावर आली, हेही नवलच.

काम तुझ्या गाडीचं आहे. तुझ्या पोराने तुला चालवायला बंदी केली आणि तू ती जुनी एट हंड्रेड माझ्या गळ्यात बांधलीस, तेव्हा मला वाटलं होतं की दसऱ्याला हार घालायला बरी आहे. आता ती रोज लागते. रस्ता उखडल्यापासून एसटी फाट्यावरूनच वळते. फाट्यापासून तांड्यापर्यंत नुसता माळ आणि एक ओढा. आमची पुजा, दिपकची मोठी पोरगी, कळमनुरीला अकरावी सायन्सला आहे. तिला नर्स व्हायचंय. बाकीच्या पोरींनी कॉलेज सोडलं, ही एकटीच राहिली. तिला मी गाडीने नेतो आणि संध्याकाळी आणतो.

दिपक वाईट नाही, पण त्याला तांड्यात राहायचंय. त्याने मला समोर बसवून सांगितलं, "बा, तुमी रोज न्या आन् रोज आणा, माझी ना न्हाई. पर ज्या दिवशी पोरगी रस्त्यात अडकली, त्या दिवसापासून कॉलेज बंद." त्याचा शब्द म्हणजे शब्द आहे, हे तुला माहीत आहे.

आणि ही तुझी गाडी सकाळी उठतच नाही. रात्री लिंबाखाली लावतो. पहाटे काचेवर दव, टपावर दव. सेल्फ मारून मारून बॅटरी रडायला लागते आणि पुजा दप्तर घेऊन उभीच. काय करू ते सविस्तर लिही. मला प्लग आणि पंप यांतला फरक कळत नाही असं समजून लिही, कारण खरंच कळत नाही.

तुझा
प्रेमसिंग

*

हट्टा, ता. वसमत
१५ जानेवारी २०२५

प्रेमसिंगा,

पत्र पोचलं. आशाबाई वाचून दाखवते म्हणाली, मी म्हणालो वाच, मला काय ऐकू येणार आहे.

गाडीला काही झालेलं नाही. ही कार्बोरेटरची गाडी आहे, आजच्या गाड्यांसारखी तिला अक्कल नसते, तिची अक्कल आपण वापरायची. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून चोक दिलाय. सकाळी बसलास की आधी चोकची खुंटी पूर्ण बाहेर ओढ. ॲक्सिलरेटर पायाने दोनदा दाबून सोड, जास्त नाही, नाहीतर प्लग भिजतात. मग सेल्फ मार. सुरू झाली की थोडी गरम होऊ दे आणि चोक हळूहळू आत ढकल. हे आत ढकलायचं विसरू नकोस. प्लगच्या वायरी रोज कोरड्या फडक्याने पुस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दवात ठेवू नकोस. दव वायरींत शिरतं. गाडी छताखाली ठेव, कुठल्याही छताखाली, पण ठेव.

जुन्या गाडीला रोजची सवय लागली की ती बरी राहते. बसवून ठेवली की बिघडते, आपल्यासारखीच. पुजाला म्हणावं, ग्यानबाआजोबाने सांगितलंय, बारावी होईपर्यंत गाडी दगा देणार नाही. मी कारखान्यात इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं पोट सांगायचो. आता आवाज गेला, पण पत्रावरूनही सांगतो.

ग्यानबा

*

तांडा
१२ फेब्रुवारी २०२५

ग्यानबा,

तुझे उपकार मानायला पत्र लिहिणार होतो, ते राहिलं आणि आता तक्रार लिहायला बसलो.

तू सांगितल्याप्रमाणे चोक, फडकं सगळं केलं. दुसऱ्या दिवसापासून छताखाली लावली. पंधरा दिवस एका सेल्फमध्ये उठत होती. शकुंतला म्हणायची की तुमची दुसरी बायको लवकर उठते. तुझी पत्रं पुजाच मोठ्याने वाचते, आणि आता तिला मला कळतं त्याहून जास्त कळतं. चोकला हात लावू देत नाही मला.

आठ-दहा दिवसांपासून मात्र काहीतरी बिनसलं आहे. सकाळी उठते, पण चढावर ठसकते. मागून काळा धूर येतो. पेट्रोलचा वास येतो. परवा ओढ्याच्या चढावर बंदच पडली. कॉलेजला जाताना पडली म्हणून बरं, मागून आमच्या तांड्यातल्या वसरामचा पिकअप आला, त्याने धक्का दिला. दिपकला सांगितलं नाही. पुजाही घरात बोलली नाही.

कळमनुरीच्या मिस्त्रीने प्लग काढून दाखवले, काजळी धरलेली. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पिवळा गाळ. तो म्हणाला, आता असल्या गाड्या कोणी आणत नाही, भंगारात द्या. मी त्याच्याकडून गाडी काढून आणली. भंगारात देईन तेव्हा देईन, पण त्याच्या म्हणण्यावरून नाही.

लवकर कळव. उद्या कुठे बंद पडेल या धास्तीने मला जेवण जात नाही.

प्रेमसिंग

*

हट्टा
१७ फेब्रुवारी २०२५

प्रेमसिंगा,

घाबरू नकोस. दोन गोष्टी आहेत.

काळे प्लग म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. म्हणजे कोणीतरी चोक ओढून तसाच ठेवतंय. तू म्हणशील पुजा बघते, मी म्हणेन तू विसरतोस. टपाल वाटताना अर्ध्या तालुक्याची पत्रं उलट्या गावाला नेणारा माणूस तू.

दुसरं, पिवळा गाळ. हे मला न बघता कळलं. तो टाकीचा गंज आहे. गाडी माझ्याकडे दोन वर्षं उभी होती, टाकीला आतून गंज धरणारच. पेट्रोलबरोबर तो खाली येतो आणि कार्बोरेटरमध्ये बसतो. टाकी उतरवून धुतल्याशिवाय इलाज नाही. पेट्रोल काढून घ्या, टाकी सोडवा, आत बारीक खडी आणि थोडं पेट्रोल टाकून दोघांनी हलवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. कार्बोरेटरचे जेट म्हणजे बारीक छिद्रांच्या पितळी खुंट्या. त्यांत सुई घालू नका, फुंकून साफ करा.

गाडी अजून छताखालीच लावतोस ना? ते चुकवू नकोस.

ग्यानबा

*

तांडा
६ मार्च २०२५

ग्यानबा,

टाकी उतरवली. माझ्याने खाली झोपवत नव्हतं, पुजाच शिरली गाडीखाली. दिपक बघत होता. तो म्हणाला, पोरीचे हात बघा कसे झाले, उद्या कोणाला दाखवायचे आहेत. पुजा गाडीखालूनच हसली. शकुंतला मात्र हसली नाही.

टाकीत गंज फार निघाला नाही. थोडा निघाला. तू म्हणालास म्हणून आम्ही धुवत राहिलो. टाकी वाळेपर्यंत गाडी उभी होती आणि पुजा घरी होती. तिची प्रॅक्टिकल बुडली, पण सर समजूतदार आहेत, पुन्हा घेतो म्हणाले.

टाकी बसवली आणि गाडी चार दिवस नीट चालली. आता परत तेच, चढ आला की खोकते. चोक आत असतो, तुझी शपथ. हवेचा फिल्टर काढून बघितला, मला काही कळलं नाही. तोच तुझ्याकडे पाठवतो आहे. वसराम हळद घेऊन वसमतच्या मोंढ्याला येतो आहे, त्याच्या पिकअपमध्ये पोत्यांवर ठेवून देतो. तो तुझ्या घरी आणून टाकेल. तू बघ आणि सांग.

सध्या आमच्याकडे हळदीचं काम जोरात आहे. दिपकला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून गाडीकडे त्याचं लक्ष कमी आहे. तेवढंच बरं.

प्रेमसिंग

*

हट्टा
९ मार्च २०२५

प्रेमसिंगा,

फिल्टर मिळाला. हळदीच्या पोत्यांवर घालून पाठवलास, सगळा पिवळाधमक होऊन आला. झटकून बघितला. जुना झालाय, बाकी काही नाही. नवा घेतला आणि वसरामच्या हातीच परत पाठवला. हा बसव आणि डोक्याचा ताप संपव.

गाडीचं आता काही उरलं नाही. टाकी धुतली, जेट साफ झाले, फिल्टर नवा. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, पण ही म्हैस मी स्वतः पारखलेली आहे. पुजाला म्हणावं, अभ्यास कर, गाडीखाली शिरू नकोस.

ग्यानबा

*

तांडा
२४ मार्च २०२५

ग्यानबा,

नवा फिल्टर बसवला आणि गाडी होळीपर्यंत अशी चालली की मी तुझ्या नावाने नारळ फोडणार होतो. नंतर पुन्हा ठसका सुरू झाला. पुजाचे पेपर जवळ आलेले, एवढे दिवस निघतील असं आम्ही दोघं रोज एकमेकांना सांगत होतो.

गेल्या गुरुवारी येताना माळावर गाडी बंद पडली. पुजाने प्लग काढले, पुसले, लावले. पुन्हा काढले. गाडी उठली नाही. आभाळ भरून आलं आणि वारं सुटलं. फोनला रेंज नाही. तेवढ्यात माऊली नावाचा पोरगा मोटारसायकलवरून आला. दूध घालून परत चालला होता. शेजारच्या गावचा, चांगल्या घरचा, मी त्याच्या आज्याला टपाल देत असे. मीच त्याला थांबवलं आणि मीच पुजाला त्याच्या मागे बसवलं. पोरगी म्हणत होती, दादा, चालत जाऊ. दादा म्हणजे मी, आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मी म्हणालो, भिजशील, जा. मी गाडीपाशी राहिलो.

त्या पोराने तिला तांड्याच्या तोंडाशी उतरवलं, तोंडही वर न करता निघून गेला. पण पिंपळाखाली माणसं बसलेली होती. मी पायी घरी पोचलो तोवर सगळं बोलून झालं होतं.

दिपक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुमची गाडी बंद पडली म्हून पोरगी परक्याच्या मागं बसून आली. बा, मी कोणाकोणाचं तोंड धरू?" दुसऱ्या दिवसापासून पुजा घरी आहे. पेपर बुडाले. मी त्याला म्हणालो की गाडी ठीक करतो, महिनाभर चालवून दाखवतो, मग तर पाठवशील? तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी तेवढ्यालाच धरून बसलो आहे.

गाडी ट्रॅक्टरने ओढून आणली आणि परत जागेवर लावली. दिपकला तेही आवडलेलं नाही. पॉलिशच्या शेडात आधीच जागा कमी, ढोल फिरत असतो, गावोगावची हळद येऊन पडते आणि मधेच ही गाडी, असं त्याचं म्हणणं. पण तू छत म्हणालास आणि आमच्या घरी छत असलेली जागा तेवढीच. मी म्हणालो, गाडी हलणार नाही.

आता तू सांगशील तेच करतो. दुसरं कोणी उरलं नाही मला.

प्रेमसिंग

*

हट्टा
२७ मार्च २०२५

प्रेमसिंगा,

हे पत्र हातात पडताच गाडी शेडातून बाहेर काढ. आधी गाडी काढ आणि मग पुढचं वाच.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाचलं आणि मी उठून अंगणात गेलो. उकडून वाळवलेली हळद ढोलात घालून फिरवली की तिची पूड कशी उडते हे मला माहीत नाही का? हिंगोली जिल्ह्यात जन्मलो मी. पूड छपराला चिकटते, माणसाच्या पापण्यांना चिकटते. गाडी रात्रंदिवस त्यात उभी आहे. ती हवा ओढते कशातून तर फिल्टरमधून. फिल्टर हळदीने लिंपला गेला, हवा बंद, पेट्रोल जास्त, प्लग काळे. वाटीतला गाळ गंज नव्हता. तुझी टाकी चांगली होती. नवा फिल्टर चार दिवस चालला, कारण त्याला लिंपून जायला चार दिवस लागले.

तू लिहिलं नाहीस, कारण हळदीच्या दिवसांत सगळंच पिवळं असतं, त्यात काय लिहायचं. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला सगळं कळतं. फिल्टर आला तेव्हा आशाबाईने तो उलटा धरून आपटला होता. म्हणाली, "पोत्याची हळद वरवर बसती, ही आतून काहून पडून राहिली?" मी तिला म्हणालो, तू भाकरी बघ. प्रेमसिंगा, छताखाली ठेव असं लिहिलं ते मीच. दवाच्या भीतीने तुला हळदीत घातलं. पुजाचे पेपर माझ्यामुळे गेले.

आता काय करायचं ते नीट कर. फिल्टर नवा घाल, कळमनुरीत मिळेल. कार्बोरेटर पूर्ण सोडवा. पेट्रोलमध्ये धुवा. सगळी छिद्रं, हवेचीसुद्धा, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवेच्या नळीने मारून घ्या. प्लग तिन्ही नवे. गाडी लिंबाखाली लाव आणि वरून ताडपत्री टाक. उन्हाळ्यात दव नसतं. एवढं केलंस तर ती थांबणार नाही. या वेळी मी बढाई मारत नाही.

दिपकलाही वेगळं पत्र टाकलं आहे. दोष गाडीचा नाही, तुझ्या बापाचा नाही, माझा आहे, पोरीला शिक्षा देऊ नकोस, असं लिहिलंय. मी स्वतः आलो असतो. पण तो काय म्हणतोय ते मला ऐकू येणार नाही आणि बहिऱ्या माणसाला कोणी मनातलं सांगत नाही.

ग्यानबा

*

तांडा
१४ एप्रिल २०२५

ग्यानबा,

गाडी झाली. तू लिहिलंस ते सगळं पुजाने केलं. मी नुसता पत्र धरून बसलो आणि वाचत गेलो. पंक्चरवाल्याने नळी मारली तेव्हा छिद्रांतून पिवळी पूड निघाली आणि पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, आपण किती दिवस बघून राहिलो व्हतो ह्याच्याकडं."

तेव्हापासून मी रोज कॉलेजच्या वेळेला गाडी काढतो, कळमनुरीला जातो, गेटासमोर थांबतो आणि परत येतो. एकटाच. दिपकने बघावं म्हणून. तांड्याने बघावं म्हणून. एकदाही थांबली नाही. चढावर तर अशी जाते की मला मागे वळून बघावंसं वाटतं, कोणी ढकलतंय का.

तुझं पत्र दिपकने दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, चांगला माणूस आहे, लग्नाला नक्की बोलवा त्यांना.

हो, लग्न. तुला कसं लिहावं कळत नव्हतं. पुसदकडच्या तांड्यातलं स्थळ आहे. पोरगा पुण्यात कंपनीत आहे, निर्व्यसनी आहे म्हणतात. लग्न अठरा पूर्ण झाल्यावर, म्हणजे कायद्याला बोट दाखवायला जागा नाही. पण शब्द आताच द्यायचा. आमच्यात दोन्हीकडच्या मोठ्यांनी मिळून गूळ खाल्ला की शब्द झाला. मग तो मोडायचा म्हणजे तांड्यातून उठायचं. रीतीने त्यांनीच इकडे यायचं असतं, पण पोराची आजी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिला डोळे मिटायच्या आत पोरगी बघायची आहे. म्हणून आम्हीच जायचं ठरलं, येत्या रविवारनंतरच्या रविवारी. गूळही तिथेच खायचा.

मी दिपकला म्हणालो, गाडी चालतेय, तू बघतोयस, पोरीला बारावी करू दे. तो मान खाली घालून म्हणाला, "तुमची गाडी आता भरवशाची झाली, बा. रविवारी तिच्यातच जाऊ. भाड्याची जीप काहून करायची?"

पुजा घरातलं काम उरकते. रोज गाडी पुसते.

म्हणून तुला विचारतो आणि हे पत्र वाचून फाडून टाक. गाडी सुरू होणार नाही असं काय करता येईल? कोणाला सापडणार नाही असं. तीन महिने तुला उलटं विचारत आलो, आता हे विचारतो. एवढा एक रविवार टळला तर ती म्हातारी तोवर राहील, न राहील. पोराकडचे रागावतील. कदाचित वर्ष निघून जाईल. एक वर्षच तर हवंय तिला.

प्रेमसिंग

*

हट्टा
१९ एप्रिल २०२५

प्रेमसिंगा,

पत्र फाडलं.

तुला कसं करायचं ते माहीत आहे. एवढी पत्रं वाचून ते तुला माहीत नसेल असं मी मानत नाही. एक वायर, एक टोपी, काहीही. तू मला विचारतोस ते दुसरंच काहीतरी आहे. मी हो म्हणावं असं तुला वाटतं.

हो म्हणालो असतो. रात्री हो लिहिलं होतं, सकाळी कागद बदलला. गाडी सुरू झाली नाही तर दिपक फोन करील आणि तासाभरात जीप दारात उभी राहील. रविवार टळणार नाही. फक्त तुझ्या गाडीने पुन्हा दगा दिला असं होईल आणि ते तुझ्या नावावर लागेल. मी गाडीचा माणूस आहे, मला गाडीच्या पलीकडचं काही दुरुस्त करता येत नाही. आशाबाई म्हणते, त्यांना सांगा की पोरीला एकदा तोंडाने विचारा. तू विचारलंस का? मी विचारलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं.

तुला जे वाटेल ते कर. मी तुला नावं ठेवणार नाही.

ग्यानबा

*

तांडा
२ मे २०२५

ग्यानबा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं, आदल्या दिवशी. वाचून मी ठरवलं की काही करायचं नाही. तरी सकाळी सगळे आंघोळी करत होते तेव्हा मी बॉनेट उघडलं. प्लगांना करंट वाटणारी ती डबी असते, तुमच्या भाषेत डेल्को, तिची टोपी काढली, आतला छोटा रोटर काढला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि टोपी परत बसवली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पुजाला मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, कारण ती लग्न नको म्हणाली असती तर मग मी काय करणार होतो?

सगळे बसले. दिपकने सेल्फ मारला. गाडी फिरली, उठली नाही. पुन्हा मारला. पुजाची आई निलम मागे बसून पदराने घाम पुसत होती. बाया दारात उभ्या होत्या, नारळ फुटला होता. दिपक उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ऐन टायमाला दगा दिला, बा. तुमच्या हातात कोणतीच गोष्ट सरळ होत न्हाई." मग त्याने जीपवाल्याला फोन लावायला खिशात हात घातला. तू म्हणालास तसंच.

तेवढ्यात पुजा उतरली. नवी साडी, डोक्यावर पदर. म्हणाली, मी बघते. दिपक म्हणाला, हात खराब करू नको. तिने ऐकलं नाही. सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली, वायरी चाचपल्या, मग टोपी काढली. आत बघितलं आणि तशीच थांबली. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिने माझ्याकडे मान वळवली नाही. नुसता हात पुढे केला, पदराआड. आमच्या बोलीत म्हणाली ते तुला मराठीत सांगतो.

"दादा, द्या. जीप तर येणारच हाय. मी जाईन निघून, पर तुमाला ह्यांच्यातच राहायचं हाय. जलमभर बोल लावतील तुमाला."

मी दिला. दुसरं काय करणार होतो? तिने तो बसवला, टोपी लावली, दोन्ही बाजूंच्या चिमट्या दाबल्या आणि पदरालाच हात पुसले. मग दिपकला म्हणाली, वायर सैल झाली होती. माझं नाव तिने घेतलं नाही.

एका सेल्फमध्ये उठली.

दिपक बाजूला सरकला आणि म्हणाला, बा, तुमीच चालवा, तुमचंच ऐकते ती. मीच चालवली. पुजाला माझ्या शेजारी पुढे बसवलं होतं, साडी चुरगळू नये म्हणून. तिकडे त्यांच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. म्हातारीने पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि रडली. माणसं चांगली आहेत, ग्यानबा. वाईट असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. गुळाची ताटली फिरली. मी घरातला वडील, म्हणून पहिला खडा माझ्या हातावर ठेवला. सगळे थांबून माझ्याकडे बघत होते. मी तो खाल्ला.

परत येताना पोरं मागे झोपली. घाट लागला. पुजा कान देऊन बसली होती, इंजिन ऐकत. तो सबंध चढ तिने ऐकला. वर आल्यावर म्हणाली, "दादा, आता किती बराबर चालून राहिली." तिच्या आवाजात राग नव्हता. मी शोधला, पण नव्हता.

तुला कळावं म्हणून लिहितो. तुझं काम चोख झालं आहे. जायला आणि यायला, गाडी एकदाही बंद पडली नाही.

प्रेमसिंग